बारामतीचे पटेल, लेसर आणि गाठीचा इलाज

२ जुलै १९३८ रोजी बारामतीत एका गुजराती कुटुंबात चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म झाला. पुढे विज्ञानाच्या जगाने त्यांना सी. कुमार पटेल या नावाने ओळखलं. १९६४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आसपास, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर किरण मिळवला. तोच किरण पुढे पोलादाचे पत्रे कापू लागला आणि डॉक्टरांच्या हातात आल्यावर स्वरयंत्रावरच्या, जिभेवरच्या, गालातल्या गाठी काढू लागला. याच पटेलांनी नंतरच्या वर्षांत लेसरच्या झोतामुळे पदार्थात उठणारा आवाज मोजण्याचं शास्त्र पुढे नेलं. आज काही प्रयोगशाळांमध्ये लेसरपासून आघातलहरी तयार करून कर्करोगाच्या गाठीची वाढ मंदावण्याचे प्रयोग होतात. त्यांच्या मुळाशी भौतिकीचा तोच नियम आहे.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. बारामतीचं नाव घेतलं की मुलं मोरोपंत सांगतात, ऊस सांगतात, द्राक्षं सांगतात, सहकार आणि राजकारण सांगतात. पटेलांचं नाव सांगणारं मूल माझ्या वर्गात भेटलं नाही, आणि मी शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांतही ते नाव नव्हतं. हा आपल्या दोन तालुक्यांशी नातं असलेला इतिहास आहे. तो आपल्या माणसांच्या दुखण्याशीही जोडलेला आहे. म्हणून तो सलग सांगावा असं मला मनापासून वाटतं.

१९३८ ची बारामती समजायची तर आधी कालवा पाहावा लागतो. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस कमी आणि दुष्काळ ठरलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागला आणि चित्र पालटलं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भाटघरचं नवं धरण पुरं झालं, पाणी वाढलं, उसाचे फड वाढले, गुऱ्हाळं वाढली आणि बारामतीची गुळाची बाजारपेठ नावाजली. १९१४ पासून दौंडहून बारामतीला अडीच फुटी रुळांची छोटी गाडी येत होती. पलीकडे इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी तिसाच्या दशकात साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. पाणी आलं, पैसा आला, त्यांच्यामागे व्यापारी आले, कारकून आले, ओव्हरसिअर आणि इंजिनिअर आले. गुजराती, मारवाडी, जैन कुटुंबं मराठी शेतकऱ्यांच्या शेजारी राहू लागली. अशा वाढत्या गावात पटेल जन्मले.

त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात झालं. १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी पुणे विद्यापीठाची पदवी घेतली, तेव्हा ते वीस वर्षांचेही पुरे नव्हते किंवा नुकतेच झाले होते. तिथून ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९५९ मध्ये एम. एस. आणि १९६१ मध्ये पीएच. डी. मिळवून त्याच वर्षी ते न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

तो काळ लेसरच्या जन्माचा होता. १६ मे १९६० रोजी थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत मिळवला. त्याच वर्षी डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत अली जावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम व निऑन या वायूंचा लेसर चालवून दाखवला. हा वायुलेसर अखंड चालत होता, पण त्याची शक्ती फारच थोडी होती. पटेलांनी विचाराची दिशा बदलली. त्यांनी सुट्या अणूंऐवजी रेणूंकडे पाहिलं. रेणूतले अणू एकमेकांच्या संदर्भात कंप पावतात, आणि या कंपनांच्या ऊर्जापातळ्या खालच्या थरात, एकमेकींच्या जवळ असतात. तिथे दिलेल्या ऊर्जेचा बराच मोठा वाटा प्रकाश होऊन बाहेर पडू शकतो. त्यासाठी त्यांनी कार्बन डायऑक्साइड निवडला. आपण श्वासावाटे सोडतो तोच हा वायू.

पहिल्या प्रयोगात मिळालेली शक्ती होती वॅटचा हजारावा भाग. मग त्यांनी नायट्रोजन मिसळला. विजेच्या प्रवाहाने नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात आणि टक्कर होताच ती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात. पुढे हेलियम मिसळला. त्याने नळीतली उष्णता वाहून नेली आणि रेणूंच्या खालच्या पातळ्या लवकर मोकळ्या केल्या. १९६५ पर्यंत शक्ती शंभर वॅटच्या पुढे गेली. दोन वर्षांच्या आत लाखपट वाढ. मी हा हिशेब फळ्यावर मांडायचो तेव्हा वर्ग शांत व्हायचा. एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारलं होतं, "सर, हे आपल्या बारामतीचे?" त्या प्रश्नातला अभिमान मला फार मोलाचा वाटतो.

या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रॉन, म्हणजे अवरक्त. डॉक्टर तो वापरतात तेव्हा नेम धरायला सोबत एक लाल किरण सोडावा लागतो. या तरंगलांबीचा एक गुण वैद्यकाच्या कामी आला. पाणी ती अत्यंत वेगाने शोषून घेतं. माणसाच्या मऊ ऊतींत बहुतांश पाणीच असतं. त्यामुळे किरण पडला की मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागातच त्याची सगळी ऊर्जा संपते, तिथल्या पेशींतलं पाणी क्षणात वाफ होतं आणि ऊती उडून जातात. खालचा थर फारसा भाजत नाही. बारीक रक्तवाहिन्या कापता कापताच बंद होतात, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि सर्जनला जागा स्वच्छ दिसते.

अमेरिकेत बोस्टनमध्ये थॉमस पोलान्यी, गेझा जाको आणि स्टुअर्ट स्ट्राँग यांनी हा किरण शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाला जोडला. १९७२ साली स्ट्राँग आणि जाको यांनी स्वरयंत्रावरच्या लेसर शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. इस्रायलमध्ये आयझॅक कॅप्लान यांनी सत्तरच्या दशकात शस्त्रक्रियेसाठी वेगळं यंत्र घडवलं. जर्मनीत वोल्फगांग श्टायनर यांनी तोंडावाटेच आत जाऊन स्वरयंत्राचा कर्करोग लेसरने काढण्याची पद्धत रुजवली. त्याआधी अशा कित्येक रुग्णांचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागे आणि माणूस मुका होई. नव्या पद्धतीने लवकर आलेल्या रुग्णांचा आवाज वाचू लागला. भारतात १९८४ साली इंदूरला अणुऊर्जा विभागाचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं आणि तिथे शस्त्रक्रियेसाठी कार्बन डायऑक्साइड लेसर यंत्रं बनली. न्यू जर्सीच्या नळीतून निघालेला किरण वीस-पंचवीस वर्षांत भारतीय हातांनी घडवला जाऊ लागला.

इथे आपल्या गावांकडे वळलं पाहिजे, कारण तोंडातल्या गाठी ही पुणे जिल्ह्याची जुनी दुखरी जागा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत मोठी पाहणी केली. तब्बल १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली गेली आणि निष्कर्ष १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापले गेले. प्रकाश गुप्ता या कामात होते, डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्गही होते. या आणि देशातल्या अशाच इतर पाहण्यांनी एक गोष्ट निर्विवाद केली. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीचे पांढरे चट्टे हे मुख्यतः तंबाखू वापरणाऱ्यांच्या तोंडात सापडतात. ज्या वर्षी बोस्टनमध्ये लेसरने स्वरयंत्रावरच्या शस्त्रक्रिया होत असल्याचं छापून आलं, त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या लाखभर तोंडांचा हिशेबही जगासमोर आला. इलाज तिकडे आणि दुखणं इकडे.

आमच्याकडे पुरुषांच्या कमरेला चंची असायची आणि बायकांच्या हाताशी मिश्रीची डबी. माझी थोरली आत्या नीरेकाठच्या गावात नांदत होती. पहाटे चूल पेटली की ती आधी तव्यावर तंबाखू भाजायची, काळी होईपर्यंत, मग चुरून डबीत भरायची. सकाळी, दुपारच्या भाकरीनंतर आणि रात्री निजताना बोटाने दातांना लावायची. घरात कोणालाच ते व्यसन वाटत नव्हतं, दात घासणं वाटत होतं. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऐंशीच्या दशकात मिश्रीचा अभ्यास केला. भाजताना तंबाखूत कर्करोगकारक द्रव्यांची भर पडते, तिचा अर्क जनुकांत बिघाड करतो आणि प्रयोगातल्या उंदरांना गाठी होतात, हे त्यातून पुढे आलं. आत्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही.

तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. बॅटरी लावून मी तो पाहिला होता. मी म्हटलं, "आत्या, चल, डॉक्टरला दाखवून येऊ." ती म्हणाली, "अरं, दुखत न्हाय तर कशाला दाखवायचं? आणि त्याला हत्यार लागलं की पसरतंय म्हणं." हत्यार लागलं की पसरतं ही समजूत आमच्या भागात किती घरांत मी ऐकली आहे! उशिरा आलेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया होते, तरी ते दगावतात, आणि दोष शस्त्राला लागतो. चट्ट्याची जखम झाली, मानेला गाठ आली, तेव्हा कुठे तिला मुंबईला टाटा रुग्णालयात नेलं. तुकडा काढून तपासला, शेक दिले. दादरच्या संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आम्ही राहिलो. तिथे गावोगावची माणसं होती, बीडची, धाराशिवची, सोलापूरची, आणि जवळजवळ प्रत्येकाची गोष्ट हीच होती, दुखत नव्हतं म्हणून थांबलो. आत्या त्यानंतर वर्षभरही जगली नाही. ज्या अवस्थेतला चट्टा मी बॅटरीने पाहिला होता, तशा चट्ट्यावर लेसरने तो थर उडवता येतो किंवा कापून काढता येतो. चट्टा पुन्हा येऊ शकतो, म्हणून तंबाखू सोडावी लागते आणि तपासणी चालू ठेवावी लागते. पण त्या टप्प्यावर माणूस हाताशी असतो.

आता लेसरच्या आवाजाकडे येऊ. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी सूर्यप्रकाशाचा झोत फिरत्या, खाचा पाडलेल्या चकतीतून तोडून तोडून एका पदार्थावर पाडला आणि त्या पदार्थातून सूर ऐकू आला. प्रकाश शोषला की पदार्थ किंचित तापतो, तापला की फुगतो, प्रकाश थांबला की आकसतो. या फुगण्या-आकसण्याने दाबाची लाट उठते आणि तीच आवाज होऊन कानाला येते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की चर्र होतं, तेही अचानक फुगण्यानेच. बेल यांच्या हाती फक्त सूर्य होता, त्यामुळे आवाज क्षीण राहिला आणि हा शोध बराच काळ कपाटात पडून होता. लेसर आल्यावर तो पुन्हा जागा झाला. १९६३ साली रिचर्ड व्हाइट यांनी पृष्ठभाग क्षणात तापवून त्यात लवचिक लहरी उठवता येतात हे दाखवलं.

पटेलांनी हे तत्त्व मोजमापासाठी वापरलं. १९७१ साली लॉइड क्रूझर यांच्यासोबत त्यांनी हवेतल्या नायट्रिक ऑक्साइडचं अत्यल्प प्रमाण लेसरने उठलेल्या आवाजावरून ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नळीत हवा भरायची, तिच्यातून ठरावीक तरंगलांबीचा लेसर सोडायचा. प्रदूषक वायू असेल तर तो प्रकाश शोषेल, तापेल, आणि मायक्रोफोनला ऐकू येईल. १९७३ मध्ये त्यांनी अशीच उपकरणं फुग्याने टेक्सासच्या आकाशात सुमारे २८ किलोमीटर उंच पाठवून तिथला नायट्रिक ऑक्साइड मोजला. ओझोनच्या थराची काळजी जगाला तेव्हा नुकती लागली होती, म्हणून या मोजमापाला महत्त्व होतं. पुढे अँड्र्यू टॅम यांच्यासोबत ते द्रव आणि घन पदार्थांकडे वळले. लेसरचा क्षणमात्र झोत शुद्ध पाण्यातून सोडला आणि पाण्यात उठलेला अगदी बारीक आवाज टिपून पाणी प्रकाश किती शोषतं हे त्यांनी मोजलं. १९८१ साली या सगळ्या विषयाचा आढावा घेणारा दोघांचा मोठा लेख भौतिकीच्या अग्रगण्य नियतकालिकात आला.

हा आवाज मोजण्यापुरता होता. तोच अनेक पटींनी तीव्र केला तर त्याच्या दाबाने पेशी फुटू शकतात. पण वैद्यकात आघातलहरी आल्या त्या आधी वेगळ्याच वाटेने. जर्मनीत डॉर्नियर ही विमान बनवणारी कंपनी ध्वनीपेक्षा वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळल्याने काय नुकसान होतं याचा अभ्यास करत होती. त्यातून आघातलहरींचं ज्ञान वाढलं आणि म्युनिकच्या डॉक्टरांच्या मनात आलं की शरीर न कापता मूत्रपिंडातला खडा यानेच फोडावा. ७ फेब्रुवारी १९८० रोजी क्रिस्तियान शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवून बाहेरून आघातलहरी देऊन त्याचा मुतखडा फोडला. मऊ ऊती आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी असल्याने लहर त्यांतून सहज जाते, आणि कठीण खड्यावर आदळली की त्याचा चुरा करते. काही वर्षांत हे यंत्र जगभर पोचलं. आपल्याकडचे मुतखड्याचे रुग्णही खडा फोडून घ्यायला पुण्याला जाऊ लागले.

खडा फुटतो तर गाठ का नाही, हा प्रश्न लगेच पुढे आला. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात पॉल रुसो आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या प्रोस्टेटच्या गाठींवर आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर उच्च ऊर्जेच्या आघातलहरींचा मारा केला. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. पेशींची वाढ खुंटली आणि उंदरांतल्या गाठी वाढायला उशीर लागला. गाठ नाहीशी झाली असं मात्र नव्हतं. पुढच्या वर्षांत इतरांनी केलेल्या प्रयोगांचं सारही बहुतेक असंच आहे. वाढ मंदावते, पण कडेच्या जिवंत पेशी पुन्हा वाढतात.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आघातलहरीत आधी प्रचंड दाब येतो आणि त्याच्यामागे दाब एकदम शून्याखाली जातो. त्या ओढीने ऊतींतल्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि कोसळतात. कोसळताना ते आसपासच्या पेशींचं आवरण फाडतात, बारीक रक्तवाहिन्या तोडतात. गाठीचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो. बुडबुडे नेमके कुठे आणि किती उठतील हे पूर्णपणे हातात नसतं, म्हणून मारा एकसारखा होत नाही. शिवाय सुट्या झालेल्या कर्कपेशी रक्तातून दुसरीकडे जाऊन रुजतील का, ही धास्ती संशोधकांनी सुरुवातीपासून गंभीरपणे घेतली आहे.

लेसर इथे नेमकेपणा आणतो. काजळीचा किंवा कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचा पातळ काळा थर घ्यायचा, त्यावर फुगणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचं आवरण द्यायचं आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता लेसरचा झोत त्यावर पाडायचा. थर तापतो, आवरण झटक्यात फुगतं आणि समोरच्या पाण्यात दाबाची तीव्र लहर सुटते. बेल यांनी सूर्याच्या उजेडात ऐकलेलं, पटेलांनी पाण्यात मोजलेलं तत्त्व तेच आहे, फक्त त्याची तीव्रता वेगळ्या पातळीवर नेलेली आहे. थराला अंतर्वक्र आकार दिला की सगळी लहर एका बिंदूवर एकवटते. २०१२ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा भिंगातून ५० मेगापास्कलहून अधिक दाब मिळवला. हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पाचशे पट आहे. तो एकवटला होता फक्त ७५ मायक्रॉन रुंदीच्या जागेत, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीएवढ्या जागेत. बोस्टनमध्ये अपोस्तोलोस डुकास आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून आणखी एक उपयोग तपासला. लेसरने उठवलेली दाबलहर पेशीचं आवरण क्षणभर उघडते आणि एरवी आत न शिरणारं औषध तेवढ्यात आत जाऊ शकतं. गाठीची वाढ मंदावण्यासाठी लहर आणि औषध यांची जोडी मला सगळ्यांत आशादायक वाटते ती यामुळे.

या वाटेवरच्या अडचणीही मोठ्या आहेत. लहर जितकी बारीक आणि नेमकी, तितकी ती ऊतींत लवकर विरते, त्यामुळे खोलवरच्या गाठीपर्यंत पोचणं कठीण जातं. लेसरच्या आघातलहरींचं हे काम काचपात्रातल्या पेशी आणि उंदीर यांच्यावर चालतं, रुग्णालयातला तो नेहमीचा उपचार नाही. या उपचाराची चुलतबहीण म्हणावी अशी एक पद्धत मात्र रुग्णांपर्यंत पोचली. मिशिगन विद्यापीठातच वाढलेल्या हिस्टोट्रिप्सी या तंत्रात विजेवर चालणाऱ्या साधनांतून ध्वनिलहरींचे झोत एकवटून बुडबुड्यांनी गाठीचा लगदा केला जातो. यकृतातल्या गाठींसाठी तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे टाचदुखीला, खांदेदुखीला फिजिओथेरपीत शॉकवेव्हचं यंत्र वापरतात. त्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही, आणि गाठ असलेल्या जागी ते लावायचं नसतं. शॉकवेव्हने कर्करोगाची गाठ विरघळवून देतो असं कोणी म्हणालं तर त्याच्या हाती पैसे देऊ नका, हे मी माझ्या गावात स्पष्ट सांगतो.

या इतिहासाचा आणखी एक भाग आपल्या पूर्वेला, इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडीमार्गे गाठता येणाऱ्या बार्शीत घडला. तो सांगितल्याशिवाय हे लेखन पुरं होणार नाही. अभिनेत्री नर्गिस दत्त ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ बार्शीत कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आणि डॉ. भगवान नेने यांनी ते ग्रामीण माणसाच्या हाकेला धावणारं केलं. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते जाऊ लागले. ते सरपंचांशी, शिक्षकांशी, दाईंशी बोलत, कोणाला अंगावरून रक्त जातं, कोणाच्या तोंडात जखम भरत नाही, हे विचारत आणि अशा माणसांना रुग्णालयात आणत. नोंदी ठेवायला निघालेल्या या माणसांमुळे एक वेगळीच गोष्ट घडली. बायका लवकर येऊ लागल्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात सापडू लागले.

१९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटाची गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. तुलनेच्या गटात तपासणी नव्हती. २००९ साली निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तुलनेच्या गटात ६४. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे गंभीर वाद झाला. तो वाद व्हायलाच हवा होता, कारण त्या आकड्यांतली प्रत्येक बाई कोणाची तरी आई होती. त्यांच्या जिवाच्या किमतीवर मिळालेलं ज्ञान तरी आपण वाया घालवू नये. आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीने निम्मे मृत्यू टळले.

हे सारं समोर ठेवून मी एका निष्कर्षावर आलो आहे. पटेलांचा लेसर असो, म्युनिकची आघातलहर असो, मिशिगनचं कार्बनचं भिंग असो, प्रत्येक साधनाची आशा लहान आणि लवकर सापडलेल्या गाठीवरच आहे, उशिरा आलेल्या गाठीपुढे ते थकतं. साधनं सुधारत जातील, जायलाच हवीत. त्यासाठी आपल्या मुलांनी भौतिकशास्त्र शिकायला हवं. बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, विज्ञान आणि अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत. डॉक्टर आणि भौतिकीचे विद्यार्थी एका गावात शिकत असताना लेसर आणि ऊती यांवर एकत्र काम करायला त्यांना कोणाची आडकाठी नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं सर्वोच्च पदक आणि १९९६ साली अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळवणारा माणूस या गावात जन्मला, हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असावं.

बारामती आणि इंदापूरच्या शिक्षकांना, आशाताईंना आणि घरातल्या कर्त्या माणसांना माझं सांगणं आहे. विज्ञान दिनाला पटेलांची गोष्ट मुलांना सांगा, आणि त्याच दिवशी गावातल्या मोठ्या माणसांची तोंडं तपासून घ्या. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गळ्यातली गाठ, बदललेला आवाज, अंगावरून अवेळी जाणारं रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. मिश्रीची डबी आणि तंबाखूची पुडी आजच बाजूला ठेवा, आणि डॉक्टरकडे या आठवड्यातच जा.